पट आणि पाटी : जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण शिकते, किती शिकते

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात दोन प्रकारचे कागद असतात. एका कप्प्यात जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके आणि यू-डायस या सरकारी शालेय माहिती प्रणालीचे तपशील. तिथे मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात व प्रवर्ग, मातृभाषा, दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषेची नोंद सापडते. दुसऱ्या कप्प्यात चाचण्यांचे तक्ते, श्रेणींच्या नोंदी, प्रगतिपुस्तके. शाळेत कोण शिकते ते पहिल्या कप्प्यावरून कळते, किती शिकते ते दुसऱ्यावरून. शाळांच्या ‘गुणवत्ते’वरची बहुतेक चर्चा दुसराच कप्पा उघडून केली जाते. वाचता न येणाऱ्या पाचवीतल्या मुलांची टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते, पण ती मुले कोणाची, वर्षातले किती दिवस वर्गात होती, घरी कोणती भाषा बोलतात, हे त्या बातमीत नसते.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या सुमारे ६० हजार जिल्हा परिषदांच्या. एवढा मोठा पसारा एका दिवसात उभा राहिला नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शेतकऱ्यांच्या करातून सरकारी तिजोरी भरते आणि त्यातून शिकतात ती वरच्या वर्गाची मुले, हा त्यांचा आक्षेप पट आणि पैसा यांच्या हिशेबाचाच होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा मुंबई इलाख्याचा कायदा झाला, पण त्याचा आवाका नगरपालिकांपुरता होता. १९६१ च्या अधिनियमानंतर, १ मे १९६२ पासून, ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. त्यानंतरची दोन-तीन दशके बहुसंख्य गावांत शाळा म्हटली की हीच एक होती. पाटलाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी आणि गुरुजींची स्वतःची मुले एकाच पटावर असत. बसायच्या पट्ट्या वेगळ्या असतील, पिण्याच्या पाण्याच्या जागीही भेद असेल. पण हजेरी घेताना नावे एकाच कागदावरून वाचली जात.

तो कागद आता फाटला आहे. तालुक्याच्या गावातून पिवळी बस सकाळी सातला वाडीवर येते आणि नोकरदाराची, दुकानदाराची, बऱ्या बागायतदाराची मुले घेऊन जाते. ‘इंग्लिश मीडियम’ची ही ओढ गेल्या पंचवीस वर्षांत खेड्यापर्यंत पोहोचली. जिल्हा परिषदेने तिला सेमी इंग्रजीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून. चैत्रात ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ असे फलक घेऊन शिक्षक दारोदार फिरू लागले, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या स्वागताला बैलगाड्या सजवू लागले. एकाच घरातला मुलगा बसने जातो आणि त्याची बहीण गावातल्याच शाळेत बसते, हे दृश्यही दुर्मीळ नाही. फी एकाचीच परवडत असेल तर ती कोणाची भरायची, हे बहुतेक घरांत फार चर्चा न होता ठरते.

पट घसरण्याचे सगळे खापर इंग्रजी शाळांवर फोडणे मात्र बरोबर नाही. मुलेच कमी जन्मत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. ज्या वाडीत पूर्वी दरवर्षी दहा-बारा मुले पहिलीत येत, तिथे आता चार येतात आणि त्या चारांतलीही एक-दोन बसने जातात. कोविडच्या काळात काही काळ उलटा प्रवाह वाहिला. उत्पन्न बुडाले, छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, आणि ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत शिकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ वर आले. हातात पैसे खेळू लागताच पालक परत गेले. गावातली शाळा हा त्यांच्यासाठी अडीअडचणीचा आसरा होता.

मागे उरलेल्या पटाची घडण जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी दिसते. मराठवाड्यात ऊसतोड मजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले, नंदुरबार, पालघर, गडचिरोली आणि मेळघाटात आदिवासी मुले, पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात वाड्यावस्त्यांवरची आणि बाहेरून आलेल्या मजुरांची मुले. पुणे-पिंपरीच्या महापालिका शाळांत मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या बांधकाम कामगारांची मुले आहेत. मुंबई महापालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू, तमिळ, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. तिथे माध्यम सांगितले की मूल कोणत्या वस्तीतले, हे बऱ्याच अंशी सांगितल्यासारखे होते. महापालिकेच्या इंग्रजी शाळांना आणि अलीकडे सुरू केलेल्या केंद्रीय मंडळांच्या शाळांना गर्दी आहे, तर मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत आहेत. सगळीकडे समान असलेली गोष्ट एकच. घरातली पहिली शिकणारी पिढी, आणि त्यामुळे ‘गृहपाठ घरी कोणाकडून तरी करून घ्या’ ही सूचना जिथे निरर्थक ठरते अशी घरे, यांचे प्रमाण सरकारी पटावर सर्वांत जास्त आहे.

पटाचा आकडा स्वतःही नेहमी विश्वासार्ह नव्हता. शिक्षकांची पदे, तांदूळ, गणवेश, अनुदान असे सगळे पटावर ठरत असल्याने तो फुगवण्याचा मोह व्यवस्थेतच होता. नांदेडमध्ये फुगवलेला पट उघड करणाऱ्या तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. कागदावर असलेली लाखो मुले बाकावर सापडली नाहीत. त्यानंतर २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन झाली आणि पुढे संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकपदे, आधार-वैध विद्यार्थ्यांवर ठरू लागली. बोगस पट बराच आटला. पण दर उपायाबरोबर येते तशी उलटी अडचणही आली. आधारवर नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, आईवडील मुलाला घेऊन कारखान्यावर गेलेले, भटक्या समाजाच्या पालावरच्या मुलाकडे कोणताच कागद नाही. ही मुले प्रत्यक्ष बाकावर बसलेली असतात आणि शिक्षकसंख्येच्या हिशेबात मात्र नसतात.

आता दुसरा कप्पा. मूल किती शिकले हे मोजण्याच्या राज्यात निदान चार पद्धती एकाच वेळी चालू आहेत आणि चौघींची उत्तरे एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली शाळेची स्वतःची. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि गुणांच्या जागी ‘अ-१’पासून ‘इ-२’पर्यंत श्रेणी आल्या. श्रेणी देणारा आणि शिकवणारा एकच असल्याने खालच्या श्रेणी सहसा दिल्या जात नाहीत. कमी श्रेणी दिली तर जादा वर्ग, जादा नोंदी आणि केंद्रप्रमुखांचे प्रश्न मागे लागतात. दुसरी पद्धत शिष्यवृत्ती परीक्षेची. १९५४-५५ पासूनची ही परीक्षा मराठी मध्यमवर्गाच्या आठवणींत घट्ट बसली आहे. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली गेली होती. शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांची नावे ऑइलपेंटने लिहिलेली असतात आणि त्यांचा अभिमान वाजवीच आहे. पण या परीक्षेला शिक्षक निवडलेली मुलेच बसवतात, जादा तासही त्यांचेच घेतात. वर्गातली हुशार चार मुले किती पुढे गेली एवढेच तिच्यावरून कळते. उरलेल्या वीस जणांबद्दल ती काही सांगत नाही.

तिसरी पद्धत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची. ते १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवीसाठी झाले, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी, नववीसाठी. निवडक शाळांत, बहुपर्यायी प्रश्नांची ही चाचणी असते. त्या दिवशी वर्गात हजर असलेलेच मूल तिच्यात मोजले जाते.

चौथी पद्धत ‘असर’ची, आणि ती सर्वांत साधी आहे. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून सुरू केलेल्या या पाहणीत कार्यकर्ता मुलांना शाळेत नव्हे, घरी जाऊन तपासतो. जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडतात. ओसरीवर किंवा अंगणात बसलेल्या मुलाच्या हातात एक कागद दिला जातो. त्यावर एका बाजूला सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. आधी उतारा वाचायला सांगतात. तो सरळ वाचला तर गोष्ट, अडखळला तर शब्द. पाच शब्दांतले चार आले तर मूल ‘शब्द’ पातळीचे, नाही आले तर अक्षरे. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. आजूबाजूला शेजारपाजारची पोरे गोळा झालेली असतात, आजी कौतुकाने बघत असते, आणि पाचवीतला मुलगा ‘डोंगर’ या शब्दावर थांबतो. घरी जाऊन केल्यामुळे शाळेत न जाणारी, त्या दिवशी गैरहजर असलेली आणि खासगी शाळेतली मुलेही यात येतात. पट आणि पाटी या दोहोंचा सांधा जोडणारी ही एकमेव मोठी पाहणी म्हणता येईल, पण तिचा आकडा जिल्ह्याचा किंवा राज्याचा असतो, एकेका शाळेचा नसतो.

‘असर’चे देशपातळीवरचे आकडे कोविडची किंमत स्पष्ट दाखवतात. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. २०२२ मध्ये ते १६.३ वर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ झाले. पाचवीत हेच प्रमाण ४४.२, ३८.५ आणि ४४.८ असे हलले. म्हणजे पडझड भरून निघाली, पण पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले अजूनही दुसरीच्या गोष्टीपाशी अडलेली आहेत. खासगी शाळांतली तिसरीची मुले २०२४ मध्ये दहाहून अधिक टक्क्यांनी पुढे होती. नेमके इथेच वाचणाऱ्याची फसगत होते.

खासगी शाळेतले मूल पुढे आहे ते शाळेमुळे की घरामुळे? हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ मध्ये अहवाल दिला. शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, दरडोई खर्च यांपेक्षा मुलाचे घर आणि वर्गातले सोबती यांचा निकालाशी जास्त संबंध आहे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो तिकडे अनेकांच्या पचनी पडला नाही. पुढे हाइनमन आणि लॉक्सली यांनी १९८३ मध्ये बऱ्याच देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचा वाटा श्रीमंत देशांपेक्षा मोठा दिसला. ज्या घरात पुस्तकच नाही, तिथल्या मुलाला पुस्तक शाळेतच भेटते, असा याचा साधा अर्थ लावता येतो. भारतातला सर्वांत बोलका पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी पैसे देण्याच्या प्रयोगाचा अभ्यास केला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ही मुले मागे राहिलेल्यांच्या पुढे नव्हती. हिंदी त्यांना जास्त येत होती, कारण सरकारी शाळेत हिंदीला वेळच कमी होता. खासगी शाळांनी हे सुमारे एक तृतीयांश खर्चात केले हेही तितकेच खरे. घर सारखे असेल तर दोन शाळांमधले अंतर बरेच मिटते, एवढे या प्रयोगावरून नक्की म्हणता येते.

त्यामुळे एका शाळेचा सरासरी निकाल हा आधी तिच्या पटाचा फोटो असतो आणि मग तिच्या शिकवण्याचा. समजा, एका शाळेत तिसरीच्या सुरुवातीला दहापैकी आठ मुले उतारा वाचतात आणि वर्षअखेरही आठच वाचतात. दुसऱ्या शाळेत सुरुवातीला दोन वाचत होती, शेवटी सहा वाचू लागली. तक्त्यात पहिली शाळा ८० टक्के आणि दुसरी ६०. बक्षीस पहिलीला मिळते, काम दुसरीने केलेले असते. वर्षाच्या आरंभी आणि अखेरी त्याच मुलांची पातळी मोजल्याशिवाय हे दिसत नाही. त्यात पट लहान असेल तर टक्केवारीचा अर्थच उरत नाही. सहा मुलांच्या वर्गात एक मूल तापाने घरी राहिले की निकाल सतरा टक्क्यांनी हलतो, आणि तरीही अशा शाळांची रंगीत स्तंभालेखात क्रमवारी लावली जाते.

पटाच्या घटकांमध्ये जात आणि उत्पन्न यांची नोंद सर्वत्र होते, पण महाराष्ट्रात शिकण्यावर सर्वांत थेट घाव घालणारी गोष्ट त्या रकान्यांत नीट येत नाही, आणि ती म्हणजे स्थलांतर. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी आणि पाथर्डीच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती जोडप्याच्या नावावर, म्हणजे एका ‘कोयत्या’वर असते. नवराबायको दोघेही फडात, मग लहान मूल कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, कोण सांभाळणार? दहा वर्षांची मुलगी. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वार्षिक मूल्यमापन एप्रिलमध्ये होते. म्हणजे या मुलीचे शिकणे जून ते ऑक्टोबर, आणि परत येते तेव्हा समोर प्रश्नपत्रिका. नियमानुसार ती वरच्या वर्गात जाते. अशी चार वर्षे गेली की पाचवीत तिच्याकडे कागदावर चार वर्षांचे आणि प्रत्यक्षात दोन वर्षांचेही शिक्षण नसते. ज्या गावातून निम्मी मुले अशी जातात, त्या शाळेचा निकाल आणि शेजारच्या बागायती गावच्या शाळेचा निकाल एका तक्त्यात मांडण्यात काही अर्थ नाही.

यावर उपाय झाले, काही चांगलेही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, वसई भागात ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, पुण्यात ‘संतुलन’ने दगडखाणींवर पाषाण शाळा काढल्या. सरकारने भर हंगामी वसतिगृहांवर दिला. आईवडील गेले तरी मूल आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते आणि दोन वेळचे जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचे, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावे, ही व्यवस्थाही आहे. हमी कार्ड घेऊन कर्नाटकच्या सीमेपलीकडे गेलेल्या मुलापुढे कन्नड शाळा असते, ही बाब मात्र योजनेच्या कागदात बसत नाही. वसतिगृहे उशिरा मंजूर होतात हे दरवर्षीचे रडगाणे आहे. टोळी दिवाळीला निघते आणि मंजुरी त्यानंतर आली तर तिचा उपयोग काय?

दुसरा अदृश्य रकाना भाषेचा. यू-डायसमध्ये मातृभाषा लिहिली जाते, पण तिच्यावरून वर्गात काही बदलत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीतल्या गोंडी-माडिया मुलाची आणि यवतमाळच्या कोलामाची द्रविड कुळातली. म्हणजे पहिलीतले मराठी पुस्तक या मुलांसाठी बोलीतला फरक नसून वेगळी भाषाच असते. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात, घराला ‘रोन’. ‘घ’ घराचा शिकवताना चित्रातले घर त्या मुलीला ओळखू येते, पण त्याच्या नावात ‘घ’ कुठे आहे हे तिला कळत नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडीच जमत नाही आणि शिक्षक तिला ‘मंद’ समजतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात वारली मुलांसाठी केलेले काम याच ठिकाणाहून सुरू झाले होते. मुले गुरांमागे जातात तर शाळा कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा म्हणजे वेळापत्रक पटाप्रमाणे आखण्याचा धडा होता. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्राथमिक टप्प्यावर घरच्या भाषेचा आग्रह आहे. आदिवासी भाषांतली पूरक पुस्तके निघालीही आहेत, पण ती भाषा बोलणारा शिक्षक वर्गात असणे हा वेगळा, बदल्यांच्या धोरणाशी जोडलेला प्रश्न आहे. कमी तीव्रतेने हेच अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांचे होते. आणि सोलापुरात तेलुगू, जत-अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी मुले मराठी शाळेत बसतात तेव्हाही.

शिक्षक हा या सगळ्यातला मधला दुवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांना ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. पट ४० असला तरी चार इयत्ता आणि दोन शिक्षक, म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा आणि मध्येच खिचडीचा तांदूळ मोजायचा. २०१२ नंतर कित्येक वर्षे भरती बंद राहिली. मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम मात्र वाढत गेले. द्विशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी चार वर्ग एका खोलीत येतात. पटावरच्या मुलाला सर्वांत जास्त गरज ज्याची आहे, ते म्हणजे मोठ्या माणसाचा सलग वेळ. नेमका तोच लहान शाळेत सर्वांत तुटपुंजा पडतो. गंमत अशी की बाहेरून पाहणाऱ्याला वीस मुलांमागे एक शिक्षक हे चैनीचे प्रमाण वाटते.

काय केल्याने फरक पडतो याचा एक चांगला तपासलेला पुरावा मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला आहे. ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुण मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्यांच्याकडे सोपवली गेली. मूल ज्या पातळीवर आहे तिथून सुरुवात, इयत्तेचा अभ्यासक्रम बाजूला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या मुलांचा फायदा सर्वांत मोठा दिसला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या एका गटात) शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने फरशीवर आखलेले तक्ते, गोट्या-काड्यांचे गट आणि मुलांनी एकमेकांना शिकवणे यांतून वर्ग बदलले. राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गेले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाला तिथून बळ मिळाले. पुढे शाळा, केंद्रे, तालुके ‘शंभर टक्के प्रगत’ म्हणून जाहीर होऊ लागले, आणि शिकवण्यापेक्षा जाहीर करण्याची घाई झाली की जे होते ते झाले. २०२१ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत वाचन व संख्याज्ञान पक्के करण्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली.

एखादी शाळा खरोखर चांगली झाली की तिचा पटही बदलतो, आणि मग आधीची तुलना कोलमडते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागल्याच्या बातम्या झाल्या. अशा शाळेकडे आजूबाजूच्या गावांतले जागरूक पालक वळतात, लोकवर्गणी जमते, समितीच्या बैठकीला माणसे येतात. निकाल आणखी सुधारतो. त्यातला किती वाटा नव्या पटाचा आणि किती शिकवण्याचा, हे वेगळे काढणे जवळपास अशक्य असते. शेजारच्या वाडीच्या शाळेतून मात्र पाच मुले कमी झालेली असतात, आणि त्यांच्याबरोबर शिक्षक वेळेवर न आल्यास विचारणारे पाच पालकही गेलेले असतात.

हीच गोष्ट शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांच्या बाबतीत होते. त्या जागांमुळे वंचित व दुर्बल घटकांतली मुले खासगी शाळांत जातात, त्यांची फी सरकार भरते. फॉर्म भरणारे पालक बहुधा त्या घटकांतले जास्त धडपडे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. सरकारी शाळांचा पट वाचवायचा असेल तर गरिबाचा निवडीचा हक्क काढून तो वाचवता येणार नाही, असा या निकालाचा व्यावहारिक परिणाम झाला.

लहान शाळांचा प्रश्न तसाच उभा आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याची सरकारी आकडेवारी पुढे आली, आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे नाव घेतले जाते. एकत्र शाळेत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळतो, खेळाला गडी मिळतात, चौथीतल्या एकट्या मुलाला सोबती मिळतो. या अंगाने पाहिले तर विरोधकांनाही फार काही म्हणता येत नाही. पण प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे कायदा सांगतो, आणि वीस पटाच्या शाळा बहुतांशी डोंगरात, धरणांच्या पाणलोटात, तांड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. तिथला पट आधीच सर्वांत नाजूक. शाळा दूर गेली की बसची वेळ, ओढ्याचे पाणी आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार हे तिन्ही प्रश्न रोज सकाळी सुटावे लागतात. ज्या दिवशी त्यांतला एक सुटत नाही, त्या दिवशी हजेरीपत्रकात गैरहजेरी लागते.